साठीच्या बेचाळीस पत्रिका

रविवारी दुपारी जेवणं आटोपली, पानाचं तबक एकदा सगळ्यांपुढून फिरलं, आणि राघोत्तमरावांची साठी त्यांना न विचारता सुरू झाली.

साठी म्हणजे अर्थातच साठीची बैठक. मैलापुरात चित्रकुळाजवळच्या त्या भाड्याच्या घरात बैठकीची जागा ठरलेली होती. झोपाळ्यावर राघोत्तमराव, खाली चटईवर कागदपेन्सिल घेऊन मुलगा व्यासराज, त्याच्यासमोर कातडी बॅग मांडीवर धरून जावई वेंकटरमण, भिंतीला टेकून लेक महालक्ष्मी आणि सून अलमेलू. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अडकित्ता घेऊन त्यांची बायको राजसबाई. त्या बैठकीत आहेत की स्वयंपाकघरात, हे त्यांच्या सोयीप्रमाणे ठरत असे.

मद्रासेत राहून राहून तंजावरकडच्या मराठी घरांनी इथल्या बऱ्याच चाली उचलल्या, त्यांतली ही सर्वांत महागडी. पुरुषाला साठ वर्षं पूर्ण झाली की त्याचं त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. होम, कलशांच्या पाण्यानं अंघोळ, नवं मंगळसूत्र, सनई, मांडव, पंगत, सगळं. पहिल्या लग्नात मुलीचा बाप बुडतो. या लग्नात नवरदेव स्वतः बुडतो, आणि मुलंबाळं कडेला उभी राहून अक्षता टाकतात.

व्यासराजनं आकडा वाचून दाखवला. मांडव, आचारी, नादस्वरम्, भटजी, आहेर, तीनशे पानं. दोन हजार एकशे चाळीस रुपये.

राघोत्तमराव झोपाळ्याची कडी न्याहाळत राहिले. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासून त्यांना एक सवय जडली होती. कोणी आकडा उच्चारला की त्यांच्या मनात शेजारी दुसरा आकडा उभा राहायचा. आत्ता उभा राहिलेला आकडा होता तीन हजार नऊशे पंधरा.

हे त्यांचं कर्ज. महालक्ष्मीच्या लग्नासाठी पतपेढीकडून काढलेल्यांतले एकोणीसशे बाकी. मेहुण्याचे हजार, जे मेहुणा कधी मागत नसे आणि दर दिवाळीला आठवण मात्र काढत असे. राजसबाईंच्या बांगड्या सहाशेला गहाण. टी. नगरच्या साडीच्या दुकानात तीनशे दहा. भांडेवाल्याचे एकशे पाच. येत्या ऑगस्टअखेर ते पेन्शनीत निघणार होते. पेन्शनीचा तिसरा हिस्सा सरकारला विकला की एकरकमी बावन्नशे मिळायचे. त्यांतून सगळी देणी फेडायची, उरलेले बाराशे पंच्याऐंशी पोस्टात ठेवायचे आणि राहिलेल्या पेन्शनीत दोघांनी भागवायचं, असा बेत त्यांनी चार वर्षांपूर्वीच एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मांडला होता. ते पाकीट पंचांगात असे आणि पंचांगापेक्षा जास्त वेळा उघडलं जाई.

त्यांना श्रीमंत व्हायचं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी, वेंकोबारावांनी, मागं ठेवलेल्या वस्तूंत एक चांदीचं पंचपात्र आणि तंजावरच्या तीन व्यापाऱ्यांचं देणं होतं. पंचपात्र तिघा भावांत कोणाकडे जावं यावर वर्षभर वाद झाला. देणं कोणाकडे जावं यावर झाला नाही, ते राघोत्तमरावांकडे आलं. नोकरीच्या पहिल्या पगारापासून आजवर एकही पहिली तारीख अशी गेली नव्हती की ज्या दिवशी कोणाचं काही द्यायचं नाही. मरण्याआधी अशी एक पहिली तारीख त्यांना बघायची होती, इतकंच.

दोन हजार एकशे चाळीस साठीत गेले की आठशे पंचावन्न कमी पडत होते. पेन्शनीतल्या माणसाला कर्ज काढायला मनाई नसते, पण त्याला ते कोणी देत नाही.

“अप्पा, तुम्ही काळजी करू नका,” व्यासराज म्हणाला. “खर्च सगळा आमचा. तुमच्या रकमेतून फक्त तात्पुरते घ्यायचे. पोंगलपर्यंत आम्ही भरून टाकू.”

“कुठल्या पोंगलपर्यंत?” राघोत्तमरावांनी विचारलं.

हा प्रश्न कोणी ऐकला नाही. कारण तोवर महालक्ष्मी आणि अलमेलू यांच्यात साडीवरून जुंपली होती. आईला दुसऱ्या लग्नात अरक्कु, म्हणजे लाखेच्या तांबड्या रंगाची नऊवारी हवी असं लेकीचं म्हणणं, सुनेचं म्हणणं मोरपंखी. दोघींनाही वेगळं काही सुचवावं म्हणून राघोत्तमरावांनी हळूच म्हटलं, असलेलीच एखादी नेसली तर? त्याबरोबर दोघी एकदम एका बाजूला आल्या. अप्पांचा चिक्कूपणा लहानपणापासून बघत आल्ये, असं लेक म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून बघत्ये, असं सून म्हणाली. घरात एकी व्हावी असं वाटत असेल तर बापानं काटकसर सुचवावी, हा अनुभव त्यांना नवा नव्हता.

उंबऱ्यातून सुपारी कातरल्याचा आवाज तेवढा येत होता. राजसबाई गप्प होत्या. हेच राघोत्तमरावांना सगळ्यांत धोक्याचं वाटत होतं.

राजसबाई आणि ते यांच्यात एकोणचाळीस वर्षांच्या संसारात एकच भांडण झालं होतं, पण ते अजून चालू होतं. ते घरखर्चाला पैसे सदरवार देत. हे भाड्याचे, हे दुधाचे, हे वाणसामानाचे. राजसबाई ते घेत आणि त्यांना वाटेल तिथे खर्च करीत. फीचे पैसे डाळीत जात, डाळीचे भिशीत, भिशीचे कोणाच्या तरी बाळंतपणात. महिनाअखेर त्या हिशेबाची वही खरीखुरी लिहून पुढे ठेवीत, कारण खोटं लिहिणं त्यांना ठाऊक नव्हतं. राघोत्तमराव तांबडी पेन्सिल काढून जागोजाग लिहीत: आक्षेप. एका सदराची रक्कम दुसऱ्या सदरात वळवली, मंजुरी नाही. राजसबाई ते वाचीत, मान डोलावीत आणि पुढच्या महिन्यात आणखी वळवीत. अशा छत्तीस वह्या माळ्यावर होत्या. पहिल्या तीन वर्षांच्या नव्हत्या, कारण तेव्हा सासू होती.

“आता मामांना खुश करणारी गोष्ट,” वेंकटरमण म्हणाला. मद्रासी चालीप्रमाणे तो सासऱ्याला मामा म्हणे. तो कागदाच्या कंपनीत विक्री बघायचा, आणि कागदाचं काही फुकट मिळालं की त्याचा चेहरा उजळायचा. त्यानं बॅगेतून एक गठ्ठा काढला. “छापखान्यातला माणूस ओळखीचा. तीनशे घेतल्या. बघा तर, सोनेरी शाई.”

पत्रिका हातोहात फिरली. वर गणपती, खाली तमिळ आणि इंग्रजी मजकूर. अलमेलूनं वास घेऊन पाहिला, महालक्ष्मीनं आपलं नाव आहे ना पाहिलं. मग ती झोपाळ्यापर्यंत आली.

राघोत्तमरावांनी चष्मा लावला. विलंबी संवत्सर, श्रावण महिना, चिरंजीव व्यासराज यांच्या तीर्थरूपांची षष्ट्यब्दपूर्ती. इंग्रजी बाजूला अक्षर आणखी ठळक होतं. साठ वर्षं पूर्ण केल्याप्रीत्यर्थ.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पत्रिका उपडी करून मांडीवर ठेवली.

“यांतल्या कोणाला पाठवल्या का?”

“छे, आत्ता कुठे,” वेंकटरमण म्हणाला. “फक्त तुमच्या कचेरीच्या. मोठी माणसं आधी. तुमच्या डायरीतून नावं उतरवून घेतली, बेचाळीस. सुपरिंटेंडेंट राममूर्ती पहिले. तुम्हांला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून बोललो नाही.”

धक्का बसला होता. झोपाळा थांबला.

ही गोष्ट आता सांगायलाच हवी होती, आणि राघोत्तमरावांनी ती साठ वर्षांत, किंवा जी काय वर्षं झाली असतील त्यांत, बायकोखेरीज कोणाला सांगितली नव्हती. त्यांना लहानपणी वेंकोबारावांनी वेदपाठशाळेत घातलं होतं. पाच वर्षांनी त्यांचं मत बदललं आणि ते मुलाला इंग्रजी शाळेत घेऊन गेले. हेडमास्तर म्हणाले, पाठशाळेतली पाच वर्षं आम्ही धरत नाही, पहिलीपासून बसावं लागेल. वेंकोबाराव हिशेबाला चोख. शिक्षणात जी पाच वर्षं धरत नाहीत ती वयात तरी का धरायची, असं म्हणून त्यांनी जन्मसाल पाच वर्षं पुढं लिहून दिलं. शाळेचं साल दाखल्यात उतरलं, दाखल्याचं नोकरीच्या पुस्तकात. सरकार माणसाला पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त करतं. त्यामुळे राघोत्तमराव घरात साठ पुरे करत होते त्याच महिन्यात कचेरीत पंचावन्न पुरे करत होते.

मुलांना याची कल्पना नव्हती. मुलगा आणि जावई दोघंही खाजगी नोकरीत, सरकारी नियम त्यांना ठाऊक नाहीत. साठी आणि पेन्शन एकाच महिन्यात आली तेव्हा सरकारही पंचांग बघून चालतं, असा त्यांनी ग्रह करून घेतला होता.

“म्हणजे तुमचं खरं वय कोणतं?” व्यासराजनं विचारलं.

“मैलापुरात साठ. कचेरीत पंचावन्न.”

“आणि टी. नगरात?” अलमेलूनं विचारलं. तिची चेष्टा नव्हती, ती गोंधळली होती.

महालक्ष्मी बोटांवर मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं तोंडावर पदर घेतला. सरकारच्या मते अप्पांचं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं आणि व्यासराज जन्मला तेव्हा ते एकोणिसांचे होते.

राघोत्तमरावांनी पुढचं सांगितलं ते शांतपणे, जसं ते कचेरीत एखाद्याच्या पगारातली वसुली सांगत. पेन्शनीचे कागद या क्षणी राममूर्तींच्या टेबलावर आहेत. राममूर्ती जन्मतारीख पाहून सही करणार. त्याच टपालात त्यांना सोनेरी शाईत कळणार की हा मनुष्य पाच वर्षं जास्त नोकरी करून बसला आहे. मग चौकशी. पाच वर्षांचा पगार परत मागतील. पेन्शन अडकेल. एकरकमी काही मिळायचं नाही. तीन हजार नऊशे पंधरा मात्र तसेच राहतील, त्यांना वयाची अट नाही.

“पेन्शनीसाठी डॉक्टरनं तपासलं, तोसुद्धा म्हणाला होता,” ते म्हणाले. “पंचावन्नाच्या मानानं दात फार लवकर गेले म्हणून. त्या दिवशी मी कसाबसा निसटलो. आता जावयानं पकडून दिलं.”

बैठकीची रचना बदलायला मिनिटही लागलं नाही. एका बाजूला सगळं घर आणि दुसऱ्या बाजूला वेंकटरमण. आतापर्यंत ज्यानं फुकट पत्रिका मिळवल्या म्हणून कौतुक होत होतं, तो आता विचारल्याशिवाय डायरीला हात लावणारा ठरला. व्यासराज म्हणाला, मी त्याला सांगितलं होतं घाई नको. त्यानं असं काही सांगितलं नव्हतं. महालक्ष्मी नवऱ्याची बाजू घेईल असं वाटलं होतं, पण तिनं सासरच्या सगळ्यांचाच उतावळेपणा काढला, थेट कुंभकोणच्या नातेवाइकांपर्यंत. वेंकटरमण बिचारा बॅग छातीशी धरून बसला. त्याला आपण नेमकं काय केलं हे अजून पुरतं कळलं नव्हतं. एवढं कळलं होतं की सासऱ्याचं वय त्यानं जाहीर केलं आणि वय सांगणं बायकांपुरतंच वर्ज्य नसतं.

पोस्टात जाऊन टपाल परत मागता येतं का, यावर बराच खल झाला. राममूर्तींच्या घरी जाऊन, छापखान्यानं आकडा चुकवला असं सांगता येईल का? षष्ट्यब्दपूर्तीत साठ चुकवणं कठीण होतं. व्यासराज म्हणाला, ही पत्रिका अप्पांच्या थोरल्या भावाची आहे असं म्हणू. मग चिरंजीव व्यासराज कोणाचे, असा प्रश्न निघाला, आणि अलमेलू रागावली.

“पोस्टात कधी टाकल्या?” राघोत्तमरावांनी शेवटी विचारलं.

“काल,” वेंकटरमण म्हणाला. “म्हणजे मी नाही. मला कंपनीत जायचं होतं. मामींकडे दिल्या. स्टॅम्पचे पैसेही दिले. तीन रुपये छत्तीस नये पैसे, मोजून.”

सगळे उंबऱ्याकडे वळले. राजसबाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

“मी टाकलें नाही,” त्या म्हणाल्या.

राघोत्तमरावांनी झोपाळ्याची साखळी धरली.

“मग कुठे आहेत?”

“तांदळाच्या डब्यात. वाळवी लागत नाही तिथें.”

“आणि स्टॅम्प?”

“स्टॅम्प कुठले? पैसे दूधवाल्याला दिलें. तो दारात उभा होता, आठवड्याचे राहिले होते. पोस्ट कुठे जातें? दूध मात्र सकाळी यावें लागतें.”

त्या आत गेल्या आणि बेचाळीस पाकिटं घेऊन आल्या. पहिल्याला तांदळाची भुकटी लागली होती, आणि वर वेंकटरमणच्या टपोऱ्या अक्षरात राममूर्ती यांचं नाव. राघोत्तमरावांनी पाकिटं मोजली. बेचाळीस भरली. पुन्हा मोजली. मग चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता, तरी पुसला.

व्यासराजला एकदम मांडवाची आठवण झाली. हॉलचे पन्नास रुपये आगाऊ त्यानं महिन्यामागं आईकडे दिले होते, देऊन ये म्हणून. ते तरी दिले ना?

“नाही,” राजसबाई म्हणाल्या.

“आचाऱ्याचे?”

“नाही.”

“नादस्वरम्?”

“तो तर मी बघितलासुद्धा नाही.”

तीन महिने साठीच्या नावानं मुलांनी आईकडे पैसे ठेवायला दिले होते. व्यासराजचे दोनशे, वेंकटरमणचे सव्वाशे, महालक्ष्मीनं साठवलेले साठ. राजसबाई देवघरात गेल्या आणि बालाजीच्या तसबिरीमागून दोन कागद घेऊन आल्या. एक टी. नगरच्या साडीच्या दुकानाची पावती होती, तीनशे दहा रुपये पोहोचले, खातं बंद. दुसरा कागद बांगड्यांच्या व्याजाचा, अठ्ठेचाळीस रुपये. उरलेले सत्तावीस त्यांनी पदराच्या गाठीतून सोडून झोपाळ्यावर ठेवले.

“अहो, पोरांनी बापासाठी पैसे काढले,” त्या म्हणाल्या, “तेव्हां नको कशाला म्हणायचें? परत असे कधी काढतील?”

मुलं एकमेकांकडे बघत राहिली. आपण बापाचं कर्ज फेडलं, आणि तेही आनंदानं, हे त्यांना हळूहळू उमगत होतं.

“तू वयाचं लक्षात ठेवलं होतंस?” राघोत्तमरावांनी विचारलं.

“मुंजीत, लग्नात, कचेरीतला कोणी भेटला तर वय बोलायचें नाही, असें तुम्हीच सांगितलें होतें. आपलें लग्न झाल्यावर आठव्या दिवशी. तेव्हां मी चौदांची.” त्यांनी थोडा विचार केला. “आणि सरकारच्या हिशेबानें तुम्ही सोळांचे. जोडा बरा दिसला असेल.”

पहिल्यांदा अलमेलू हसली, मग महालक्ष्मी, मग वेंकटरमणला हसायची परवानगी आहे असं दिसलं तेव्हा तोही. राघोत्तमराव हसले नाहीत. ते झोपाळ्याला पायानं रेटा देऊन जरा हलले. छातीवरून कोणीतरी वजनाचं माप उचलून बाजूला ठेवल्यासारखं त्यांना वाटत होतं.

मांडव रद्द झाला. तीनशे पानंही. साठी गाजावाजानं करता येत नाही याचं दुःख सगळ्यांनी थोडा वेळ रीतसर केलं. मग व्यासराजनं आकड्यांचा कागद घडी करून खिशात घातला, आणि त्याच्याही चेहऱ्यावर काही हलकं झाल्यासारखं दिसलं. पोंगल त्यालाही जवळ वाटू लागला होता.

विधी मात्र टाळायचा नाही, असं राजसबाईंनी ठरवलं. तिरुक्कडैयूरला जायचं. तिथल्या देवळात साठी करायला गावोगावहून जोडपी येतात. दोघांनीच जायचं, कोणाला सांगायचं नाही. व्यासराजनं पन्नास दिले आणि वेंकटरमणनं चाळीस. राजसबाईंची नजर पडण्याआधी राघोत्तमरावांनी स्वतः एग्मोर स्टेशनवर जाऊन तिकिटं काढली. छापखान्याचं बिल अजून द्यायचं होतं, अडतीस रुपये, आणि ते वेंकटरमणनं फार खाली मान घालून कबूल केलं. ते मात्र मी देईन, असं राघोत्तमराव म्हणाले. एवढी सोनेरी शाई त्यांच्यासाठी आजवर कोणी वापरली नव्हती.

श्रावणात एका पहाटे मायावरमला गाडी बदलून दोघं तिरुक्कडैयूरला पोचले. देवळाच्या मंडपात ओळीनं होम चालले होते आणि प्रत्येक होमापुढे एकेक म्हातारं जोडपं, पाटावर, नव्या वस्त्रांत, नवरा-नवरीसारखं लाजलेलं. कलशांचं पाणी डोक्यावर पडलं तेव्हा राघोत्तमरावांना हुडहुडी भरली. मंगळसूत्र त्यांनी सावकाश बांधलं. “गांठ पक्की करा,” राजसबाई म्हणाल्या, “मागची तुम्ही ढिलीच बांधली होती.” ती गाठ एकोणचाळीस वर्षं टिकली होती, पण राघोत्तमरावांनी आक्षेप घेतला नाही.

ओले, गळ्यात जाड हार घालून ते प्रदक्षिणेला निघाले, आणि कोपऱ्यावर समोरून दुसरं एक जोडपं आलं. तसंच ओलं. तसेच हार. पुरुषाच्या कपाळावर विभूतीचे ओले पट्टे, आणि खाली सुपरिंटेंडेंट राममूर्तींचं नाक.

राममूर्तींच्या नोकरीच्या पुस्तकात, राघोत्तमरावांना नक्की आठवत होतं, अजून बावन्न चालू होतं.

दोन्ही जोडपी थांबली. मागच्या होमात कोणाचं तरी दुसरं लग्न लागत होतं आणि वाद्यं जोरात होती. बायकांनी एकमेकींच्या नव्या साड्या पाहून घेतल्या. पुरुषांनी एकमेकांचे हार पाहिले.

“दर्शनाला?” राममूर्तींनी विचारलं.

“दर्शनाला,” राघोत्तमराव म्हणाले. “आपण?”

“मीही दर्शनालाच.”

“गर्दी आहे.”

“फार.”

एवढं बोलून दोघे आपापल्या दिशेनं गेले. प्रदक्षिणेत पुन्हा समोरासमोर यावं लागलं. या वेळी दोघांनीही देवळाच्या शिखराकडे फार भक्तिभावानं पाहिलं.

सोमवारी राममूर्तींनी राघोत्तमरावांना केबिनमध्ये बोलावलं. समोर पेन्शनची फाइल होती, जन्मतारखेच्या पानावर उघडलेली. राममूर्तींनी पान बराच वेळ पाहिलं, मग टोपण काढून सही केली.

“सगळं व्यवस्थित आहे,” ते म्हणाले. “तारखेबद्दल शंका घेण्याजोगं काही दिसत नाही.” आणि फाइल पुढे करताना थोडं थांबून म्हणाले, “तुमच्या मिसेसना अरक्कु रंग शोभतो, असं आमच्या घरात बोलणं झालं.”

एकरकमी पैसे डिसेंबरात आले. त्या दिवशी राघोत्तमराव सकाळी निघाले ते पतपेढी, मेहुणा, सावकार, भांडेवाला असे क्रमानं करत संध्याकाळी घरी आले. खिशात पावत्या, एका कागदात गुंडाळलेल्या बांगड्या आणि पोस्टाचं पुस्तक. सभागृहांत मार्गळी महिन्यातले गाण्याचे कार्यक्रम सुरू झाले होते आणि कुठल्या तरी सभेचा मृदंग चित्रकुळापर्यंत ऐकू येत होता. मेहुण्यानं पैसे घेताना, घाई काय होती, असं म्हटलं होतं आणि मोजून घेतले होते.

बांगड्या राजसबाईंनी दिव्यापाशी नेऊन वळवून वळवून पाहिल्या आणि हातात घातल्या. एक जरा घट्ट झाली होती.

पहिल्या तारखेला सकाळी कोणाचंच काही द्यायचं नव्हतं. राघोत्तमराव कॉफीचा दबरा हातात घेऊन झोपाळ्यावर नुसते बसून होते, आणि त्यांना त्या बसण्याची सवय नव्हती. दारावरून दूधवाला गेला. त्याचेही चुकते होते. त्यानं सलाम केला तो त्यांना उगीचच मोठा वाटला.

मग त्यांनी राजसबाईंची चालू वही मागितली. जुलैचं पान काढलं. तिथं त्यांच्या ओळखीच्या अक्षरात लिहिलं होतं: जावयाने स्टॅम्पांस दिले ३.३६, दूधवाल्यास पोहोचले. उरलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठी वाणसामानाच्या याद्यांना कापून ठेवल्याची नोंदही खाली होती. कारण राजसबाई काहीच लपवत नसत.

त्यांनी तांबडी पेन्सिल काढली, थोडा वेळ धरून ठेवली आणि त्या ओळीसमोर लिहिलं: मंजूर. खाली सही केली.

राजसबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरून तो शब्द वाचला, पुन्हा वाचला. मग पदर खोचला आणि माळ्याला लावायची शिडी ओढत आणली.

“काय करतेस?” राघोत्तमरावांनी विचारलं.

“बाकीच्या छत्तीस काढतें,” राजसबाई म्हणाल्या. “पहिल्यापासून घ्या.”

राघोत्तमरावांनी पेन्सिलीला टोक केलं. आता त्यांना वेळ होता.